वरच्या मजल्यावरचा महिना

१ तारीख, सोमवार

आजपासून महिनाभर मानसोपचार विभाग. सकाळी मेसमध्ये सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. सर्जरीच्या सीनियरने तर हात मिळवला आणि म्हणाला, "मजा आहे. झोप काढ, अभ्यास कर. फक्त तिकडचीच होऊन राहू नकोस."

विभाग अगदी शेवटच्या मजल्यावर आहे. लिफ्ट त्याच्या एक मजला खालीच थांबते, पुढचा जिना आपला आपण चढायचा. 'वरचा मजला रिकामा' हा आम्हा इंटर्न लोकांचा आवडता विनोद, आणि ज्याने हे हॉस्पिटल बांधलं त्यालाही तो माहीत असावा. अपघात विभागात कुणी छातीत धडधडतंय म्हणत आला, रडायला लागला आणि ईसीजी नॉर्मल निघाला, की आम्ही केसपेपरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'व.म.' लिहितो. पुढच्या डॉक्टरने काय ते समजून घ्यायचं. सगळ्यांचा वेळ वाचतो.

माझ्या जोडीला पाठांतर आणि दांडी. पाठांतरला सगळं पुस्तक पान नंबरासकट येतं. दांडीचं काम नावातच आहे. तिघांत डोकं अर्थातच मला. ही माझी खासगी वही आहे, इथे कशाला उगाच विनय दाखवायचा?

विभागप्रमुख सर इतकं हळू बोलतात की पहिली दहा मिनिटं मला वाटलं माझेच कान गेले. पेशंट आत आला की खुर्चीतून उठून उभे राहतात! सर्जरीत पेशंट आडवा आणि झोपलेला असतो, हा त्या शाखेचा मोठा गुण.

संध्याकाळी आईचा फोन. "काय गं, काय विशेष?" म्हटलं, विशेष काही नाही. विशेष तिच्याकडेच होतं. दादा तीन आठवडे दुकानात गेलेला नाही. दादा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवतो. बाबा गेले तेव्हा त्याने कॉलेज सोडलं आणि तिथे लागला. नऊ वर्षांत त्याने कधी रजा घेतल्याचं मला आठवत नाही, आणि आता एकदम सगळ्या वसूल करतोय. खोलीत पडून असतो म्हणे, जेवायला दहा हाका माराव्या लागतात. मी आईला सांगितलं, लाड करू नकोस. आंघोळ करायला लाव, बरं वाटेल.

३ तारीख, बुधवार

वॉर्डात एक पोस्टमनकाका आहेत. खरोखरचे, निवृत्त. रोज सकाळी प्रत्येक खाटेवर एकेक घडी घातलेला कोरा कागद टाकत जातात. मलाही एक टाकला. दुपारी कँटीनमध्ये मी ते पत्र उघडून मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे कोऱ्या कागदावरून मनाने रचून. दांडीच्या नाकातून चहा आला.

सर मात्र त्यांच्या हातून कागद घेतात, उघडून बघतात, खिशात ठेवतात आणि "पोचलं" म्हणतात. पाठांतर म्हणाला, या विभागात जास्त वर्षं काढली की असंच होतं.

५ तारीख, शुक्रवार

आज बोलणी खाल्ली. सरांच्या त्या आवाजात बोलणी खाल्ली हे कळायलाही वेळ लागतो.

केसपेपरवर एक रकाना असतो : कुटुंबात कुणाला मानसिक आजार? आम्ही तिथे न विचारता 'विशेष नाही' लिहितो. विचारलं की लोक बिचकतात, मग रडतात, मग जेवणाची वेळ टळते. सरांनी माझे तीस कागद एकापाठोपाठ एक उलटले. "तीस घरं," म्हणाले, "आणि एकाही घरात काही विशेष नाही. फार सुखी गाव आहे, नाही?"

मी म्हटलं, "हो सर." नंतर लक्षात आलं की तो प्रश्न नव्हता.

९ तारीख, मंगळवार

आजचा दिवस माझा!

दर मंगळवारी सर आमच्याकडून नाटक करून घेतात. एक इंटर्न पेशंट होतो, दुसरा डॉक्टर, बाकीचे बघतात. पेशंटशी कसं बोलावं हे म्हणे त्याशिवाय कळत नाही. आज मी नैराश्याची पेशंट आणि पाठांतर डॉक्टर.

मी डोक्यावरून टॉवेल घेतला आणि खुर्चीत पोतं टाकल्यासारखी बसले. काही विचारलं की मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे आणि मग फक्त "हं" म्हणायचं. फारच खोदून विचारलं तर "बघू". आणि एकीकडे अंगठ्याने बोटाचं पेर पुसत राहायचं, भिंग पुसल्यासारखं, थांबायचंच नाही. पाठांतरने नऊच्या नऊ लक्षणं क्रमाने विचारली आणि मी नऊ वेळा "हं" केलं. लोक अक्षरशः बाकावरून खाली आले. वॉर्डच्या मोठ्या सिस्टरसुद्धा हसल्या.

सर हसले नाहीत. नंतर मला म्हणाले, "फार बारकाईने केलंस. कुठे पाहिलंस?"

"पुस्तकात वाचलं, सर."

"पुस्तकात टॉवेल नसतो," म्हणाले आणि राउंडला निघून गेले.

खरं सांगायचं तर थोडं दादाचं उचललं. मागच्या महिन्यात दोन दिवस घरी गेले होते तेव्हा तो असाच बसला होता. पण त्याचं सोंग आणि खरा आजार यात फरक आहे, तो सरांना काय समजावत बसणार.

१२ तारीख, शुक्रवार

कँटीनमध्ये आता रोज फर्माईश. "ए, 'हं' कर ना." सर्जरीच्या सीनियरने खास टेबलावर बोलावून बघितलं. म्हणाला, "तुला स्टेजवर पाठवायला पाहिजे." माझा सर्जरीचा अर्ज त्याच्याच शिफारशीवर आहे, त्यामुळे दोनदा करून दाखवलं.

आईचा फोन. आता तिने नवीनच काढलंय. "तुझ्याच हॉस्पिटलात आणू का गं त्याला? तू आहेसच तिथे त्या डॉक्टरांकडे."

माझी तर पाचावर धारण बसली. म्हटलं, आई, इथे वेड लागलेले लोक येतात. तो नुसता कंटाळलाय. माझी इथली पोस्टिंग संपू दे, पुढच्या महिन्यात आण, मग बघू. ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात?" म्हटलं, अठरा दिवस तर राहिलेत.

अठरा दिवसांत काय होतंय? आणि माझ्या सख्ख्या भावाला पाठांतर नऊ लक्षणं विचारणार, दांडी कोपऱ्यात व.म. लिहिणार, आणि सर्जरीचं टेबल? छे.

१५ तारीख, सोमवार

वॉर्डातली चाचणी. वीसपैकी एकोणीस! पाठांतरला अठरा. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

सरांनी विचारलं, नैराश्याच्या पेशंटच्या बाबतीत घरच्यांनी ताबडतोब धावायला हवं अशी धोक्याची खूण कोणती? सगळ्यांच्या आधी माझा हात वर. "पेशंट आपल्या आवडत्या वस्तू लोकांना वाटून टाकायला लागतो, सर. आवराआवर करतो. आणि एकदम शांत दिसतो, त्यामुळे घरच्यांना वाटतं सुधारला." सर म्हणाले, "अगदी बरोबर. हे विसरू नकोस." माझी स्मरणशक्ती चांगली आहे, मी कशाला विसरेन.

संध्याकाळी आईकडून प्रथमच बरी बातमी. दादा काल उठला. कपाट आवरलं. त्याचा कॅरम बोर्ड शेजारच्यांना देऊन टाकला, मनगटी घड्याळ दुकानातल्या सोबत्याला देऊन आला. कॅरमला तो मला बोट लावू देत नसे! आई म्हणाली, "आज अगदी शांत होता गं." म्हटलं, बघ, मी सांगत होते ना? लाड बंद केले की माणूस आपोआप उठतो.

मग त्याला फोन द्यायला सांगितला. म्हटलं, "काय दादा, संपली का सुट्टी?"

मग म्हणाला, "बारके, तू छान डॉक्टर होशील."

इतकं गोड तो कधी बोलत नाही. बरं वाटलं.

१८ तारीख, गुरुवार

जेवले नाही. लायब्ररीत बसून लिहितेय. सगळं क्रमाने लिहायचं ठरवलंय, केसपेपरवर लिहितात तसं.

सकाळी ओपीडीत मी, पाठांतर आणि आज चक्क दांडीही. बाहेर बाकांवर गर्दी. साडेदहाच्या सुमाराला पाठांतरने मला कोपराने ढोसलं आणि हसू दाबत म्हणाला, "अगं, ते तिसऱ्या बाकावरचं बघ. हा माणूस तर हुबेहूब तुझी नक्कल करतोय!"

बघितलं. अंगठा बोटाच्या पेरावर फिरत होता. इस्त्रीचा शर्ट, पण एक बटण चुकल्यामुळे सगळीच एकेक घर खाली गेलेली. दाढी केलेली, हनुवटीला कापलेलं. केस ओले असावेत किंवा तेल लावलेलं. चार तासांचा एसटीचा प्रवास करून दादा आला होता. एकटा.

दांडी म्हणाला, "घे, तुझाच पेशंट. तूच घे."

त्याचा नंबर आला. तो समोर येऊन बसला आणि मला बघून त्याचा चेहरा थोडा हलला. बोलायला तोंड उघडलं त्याने. मी खाली कागदाकडे बघितलं आणि विचारलं, "नाव?"

हे मी केलं. कुणी मला सांगितलं नव्हतं.

त्याने उघडलेलं तोंड मिटलं. मग माझ्या दोन्ही बाजूंना बसलेल्या त्या दोघांकडे बघितलं आणि त्याला सगळं कळलं. माझ्या आधी त्याला नेहमीच कळतं. म्हणाला, "सांगतो, मॅडम."

नाव सांगितलं. आडनाव विचारलं तर त्याने आईचं माहेरचं आडनाव सांगितलं.

मी लिहून घेतलं. अक्षर चांगलं आलंय, एकही खाडाखोड नाही. वय. व्यवसाय. काय त्रास होतो? तो म्हणाला, "झोप लागत नाही. भिंग हातात धरलं की हात थांबतो. काही वाटतच नाही." किती दिवस? "दीड-दोन महिने." वीसपैकी एकोणीस मिळवणारी मी एकेक लक्षण विचारत गेले आणि तो एकेक "हो" म्हणत गेला. दहा आकडे मोजावे लागले नाहीत. तो वेळ लावत होता तो शब्द सापडत नाहीत म्हणून, हे इतक्या जवळून बघितल्यावर कळलं.

पाठांतरने पुढचा प्रश्न घेतला. "घरी कोण कोण?"

"आई. आणि धाकटी बहीण."

"बहीण काय करते?"

"डॉक्टर होतेय."

"अरे वा! मग तिला नाही सांगितलंत?"

दादा माझ्याकडे बघत नव्हता. टेबलाच्या कडेकडे बघत होता. "तिला फार काम असतं. तिने सांगितलं होतं आंघोळ करा, बरं वाटेल. आज करून आलोय."

पाठांतर हसला. "काय पण बहीण! डॉक्टर होणार म्हणे."

मग मी विचारलं, कारण कागदावर तो प्रश्न असतो, की जगू नये असं वाटतं का. तो म्हणाला, "परवा गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेलो आणि कठड्यापाशी बराच वेळ उभा राहिलो. मग आईने खालून हाक मारली. म्हणून आलो, मॅडम. आधी पुढच्या महिन्यात यायचं ठरलं होतं. पण मला वाटलं, तेवढं जमणार नाही."

सर मागे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. ते त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसले, काहीतरी हळू बोलले, मला ऐकू आलं नाही. मग म्हणाले, आजच दाखल करून घेऊ. मोठ्या सिस्टरनी फॉर्म काढला.

"सोबत नातेवाईक कोण आहे?"

"कुणी नाही," दादा म्हणाला.

"मग सही कोण करणार? आईचा नंबर द्या, बोलावून घेऊ." त्याने नंबर सांगितला आणि सिस्टरनी रिसीव्हर उचलला. तो नंबर मला पाठ आहे. त्या एकेक आकडा दाबत होत्या आणि मला आई दिसत होती, हात पुसत फोनकडे येताना. शेवटचे दोन आकडे राहिले तेव्हा मी फोनच्या खटक्यावर हात ठेवला.

"लावू नका, सिस्टर. मी करते सही."

"तुमची सही खाली, डॉक्टरच्या जागी. इथे नातेवाईक पाहिजे."

"हो. तिथेच करते."

नात्याच्या रकान्यात 'बहीण' लिहिलं. आणि कागद परत वर ओढून आडनाव खोडून आमचं लिहिलं. तेवढी एक खाडाखोड.

आयुष्यात प्रथमच पाठांतरला काही आठवेना. दांडी पाणी आणायला गेला आणि तासभर आलाच नाही. दादा मला हळूच म्हणाला, "बारके, कशाला? चाललं होतं की."

वरच्या जिन्यावरून त्याला वॉर्डात नेताना मी त्याच्या शर्टाची बटणं नीट लावून दिली. मग जिन्यातच बसले आणि रडले. याला पुस्तकात काहीतरी नाव असेल.

१९ तारीख, शुक्रवार

आई आली. तिला मी सगळं सांगितलं, गच्ची सोडून. मग गच्चीचंही सांगितलं. ती मला रागावली नाही. रागावली असती तर फार बरं झालं असतं.

२२ तारीख, सोमवार

आता सगळे माझ्याशी हळू बोलतात. सरांसारखं नव्हे, आजारी मांजराशी बोलावं तसं. चमचा खाली पडला आणि मी "श्या!" म्हटलं तर पाठांतरने विचारलं, "झोप लागते ना तुला?" मी म्हटलं, "लक्षण नंबर किती?" तो म्हणाला, "चार." आणि मग खरंच ओशाळला.

सर्जरीच्या सीनियरने बाजूला घेतलं. "घरी असं काही आहे हे माहीत नव्हतं. शिफारस करायला माझी ना नाही, पण सर्जरीत ताण फार असतो. झेपेल ना तुला? तुझ्याच भल्यासाठी विचारतोय." दहा दिवसांपूर्वी याच माणसाने टेबल बडवत हसून दुसऱ्यांदा करून दाखवायला लावलं होतं. मी म्हटलं, झेपेल. त्याने मान हलवली, पण डोळ्यांत व.म. लिहिलेलं दिसत होतं.

दुपारी ते प्रत्यक्षातही लिहिलेलं सापडलं. हजेरीपटावर, माझ्या नावाच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने. कुणाचं ते शोधणार नाही. अपघात विभागातले माझे जुने कागद काढले तर असे किती निघतील? शंभर? त्यातले किती जण घरी परत जाऊन बसले असतील?

संध्याकाळी दांडी जिन्यात भेटला. म्हणाला, "माझ्या आईला गोळ्या चालू आहेत. सहा वर्षं. कुणाला सांगू नकोस." मग पुढे म्हणाला, "व.म. मी नाही लिहिलं." मी विचारलंही नव्हतं.

२५ तारीख, गुरुवार

दादा अर्धी पोळी जास्त जेवला, मोठ्या सिस्टरनी मुद्दाम सांगितलं. माझ्याशी तो अजून फारसा बोलत नाही. पोस्टमनकाकांशी मात्र जमलंय. काल त्यांच्या चष्म्याचा हललेला स्क्रू त्याने नखाने घट्ट करून दिला.

सरांना विचारलं, "तो कधी बरा होईल?" मला वाटलं ते आकडा सांगतील. म्हणाले, "वेळ लागेल. तुला घाई आहे का?"

होती. अजूनही आहे. पोस्टिंग संपायच्या आत तो घरी गेला तर बरं, असं आज सकाळी मनात आलं होतं. कुणासाठी बरं, ते इथे लिहीत नाही.

१ तारीख, बुधवार

काल पोस्टिंग संपली. आज अर्धा दिवस ऑपरेशनच्या खोलीत कापडाच्या पट्ट्या मोजल्या, म्हणजे सर्जरी. चार ते पाच भेटायची वेळ, म्हणून पांढरा कोट खालीच ठेवून वर गेले. कोट नसला की मोठ्या सिस्टर आत सोडत नाहीत, नातेवाइकांनी बाहेरच्या बाकावर थांबायचं. नियम म्हणजे नियम. दादाला त्यांनी बाहेर आणून माझ्याशेजारी बसवलं.

त्याने आल्या आल्या विचारलं, "जेवलीस?" म्हटलं, हो. त्याचा अंगठा चालू होता, पण मध्ये मध्ये थांबत होता. मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी मी नाव विचारलं ना तुला..." तो म्हणाला, "विचारावंच लागतं." म्हटलं, "तसं नाही." तो म्हणाला, "माहितेय."

तेवढ्यात नव्या इंटर्नांची तुकडी जिना चढून आली. तिघं. एकमेकांना ढकलत, हसत, कशावर ते मला बरोबर माहीत होतं. त्यांतली एक मुलगी, हातात कोरे केसपेपर, सरळ आमच्यापुढे उभी राहिली आणि मला म्हणाली, "पेशंट की नातेवाईक?"

"नातेवाईक!"

इतक्या झटकन म्हणाले की ती दचकली. मागचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. महिनाभर काय शिकले मी, ते त्या एका शब्दात आलं.

दादाला कुणी विचारलं नव्हतं. त्याने वेळ घेतला, शब्द सापडेपर्यंत. मग त्या मुलीला म्हणाला, "मी पेशंट. ही माझी धाकटी बहीण. जरा घाबरते लोकांना, तिच्याशी सांभाळून बोला."

ती मुलगी गोंधळली आणि "हो, हो" म्हणत आत गेली. दादा बाकावर थोडा सरकला आणि माझ्यासाठी जागा केली, खरं तर जागा होतीच. पाच वाजेपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.